शेजारची खुर्ची

महाड,
२१ मे १९८४

प्रिय नीला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला ठेवलं असशील आणि जेवणखाण आटपून, भांडी घासून मगच फोडलं असशील. तुझी रीतच ती. शाळेत निकालाचा कागदसुद्धा तू घडी करून दप्तरात टाकायचीस आणि आम्ही सगळ्या तुझ्याभोवती तळमळत उभ्या राहायचो. मला तेव्हाही तुझा राग यायचा. पहिला नंबर येणार हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच अशी घडी घालून ठेवता येते.

हे पत्र तुला 'ये' म्हणायला लिहिते आहे असं समजू नकोस. ते काम यांनी दोनदा केलं आहे. वर तुझ्या अलिबागच्या साहेबांनाही विचारून झालं, की पावसाळ्याचे चार महिने नीलाबाईंना महाडच्या पूर नियंत्रण कक्षात परत पाठवता का. ते हो म्हणाले. तू मात्र हो म्हणत नाहीस की नाही म्हणत नाहीस. मिरग तोंडावर आला, यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे आणि ती कोणाला द्यायची हे येत्या आठवड्यात ठरणार. रोज संध्याकाळी हे चपला काढायच्या आधी टपाल बघतात. माझ्या माहेरच्या पत्राचं पाकीट या माणसानं आजवर उलटून बघितलेलं नाही. मी स्वयंपाकघरातून बघत असते. तुझं पत्र नसलं की मला बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला तुला सोपं जाईल.

तुमचा तो कक्ष मी पहिल्यांदा पाहिला तो यांचा डबा द्यायला आले तेव्हा. कक्ष म्हणजे काय, तर तहसील कचेरीतली जुन्या दप्तरांची खोली, तिला खिडकीपाशी ओल आलेली. एक टेलिफोन, सावित्री आणि गांधारीचा नकाशा, आमच्याच शाळेतून उचलून नेलेला फळा, आणि फळ्यासमोर शेजारी शेजारी दोन खुर्च्या. फळ्यावर तुझं अक्षर. सगळ्यात वर 'ही भरती ते पुढची भरती', आणि खाली चार रकाने: काय कळलं, काय करायचं, कोण करणार, काय राहिलं. मास्तरणीच्या सवयीनं मी शुद्धलेखनाची चूक शोधली, ती काही सापडली नाही. हे मला पाहुण्यांना सांगावं तसं समजावून सांगायला लागले. म्हणे, वरून पोलादपूरचं पाणी येतं, खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढते, आणि दोघं महाडात येऊन एकमेकांना अडवतात. म्हणून एका वेळी विचार करायचा तो पुढच्या भरतीपर्यंतचाच. भरती उतरली की सगळ्यांनी बसायचं, झालेलं तपासायचं, फळा पुसायचा आणि नव्यानं मांडायचं. 'ही पद्धत नीलानं बसवली,' हे म्हणाले. माझं अख्खं आयुष्य महाडात गेलं आणि मला भरती शिकवत होते. तेवढ्यात पोलादपूरचा फोन आला. तू रिसीव्हर कानाला लावून यांच्याकडे बघितलंस आणि नुसती एक भुवई वर केलीस. आणि हे हसले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं हसताना बघितलेलं नव्हतं. डबा टेबलावर ठेवला आणि ताक द्यायचं विसरून मी तशीच घरी आले.

तुमच्यात काही होतं असं मला कधी वाटलं नाही. हे लिहून ठेवते, कारण बाजारात वाटणारे पुष्कळ होते. काही असतं तर बरं झालं असतं ग. मी भांडले असते, माहेरी गेले असते, चार बायकांनी माझी बाजू घेतली असती. पण एक माणूस वाक्य सुरू करतं आणि दुसरं ते पुरं करतं, याची तक्रार कोणाकडे करायची? घरात मात्र 'नीला म्हणाली' हा पाढा रोजचा. नीला म्हणाली, फोन आला की ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे गोंधळ होत नाही. नीला म्हणाली, कशेडी घाटात दरड आली की रत्नागिरीकडची मदत विसरायची, तेव्हा तिकडचा हिशोब मनात धरूच नये. एका वर्षी दिवाळीच्या फराळाचे यांनी मला पाटीवर चार रकाने करून दाखवले. चकलीपुढे 'काय राहिलं' मध्ये लिहिलं होतं, भाजणी. मी हसले नाही. तू असतीस तर हसली असतीस, मग हेही हसले असते, आणि मी भाजणी दळायला गेले असते.

तुझा हेवा काही माझ्या लग्नानंतरचा नाही. तू वसतिगृहातून शाळेत यायचीस, दोनच परकर, आणि गणिताच्या तासाला बाई खडू तुझ्या हातात द्यायच्या. मी पेठेतली, मला शिकवणी, मला नवीन वह्या, आणि मी तुझ्या पाटीवरून उत्तर बघून लिहायची. तू पाटी माझ्याकडे कलती करायचीस, न सांगता. आमच्या आईनं तुला ओसरीच्या आत कधी घेतलं नाही आणि पाण्याचा पेला वेगळा ठेवला, हे तू विसरली नसशील, मीही विसरलेले नाही. इतकं असूनही मला वाटायचं की आपल्या दोघींत वरचढ तू आहेस. वाटणं खोटंही नव्हतं. तू कारकून होऊन तहसीलला आलीस तेव्हा मी यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ही माझी बाकावरची मैत्रीण, हिच्याकडे लक्ष असू द्या. त्यांनी माझा शब्द जरा जास्तच पाळला.

आणि मग तो नियम. त्याआधीच्या एका पुरात कोणा साहेबांनी होडी आधी आपल्या मेव्हण्याच्या दाराला लावली होती, आणि दुसऱ्या एका भल्या माणसानं लोक काय म्हणतील या भीतीनं स्वतःच्या म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत पत्र्यावर बसवून ठेवलं होतं. मे महिन्याच्या बैठकीत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, या दोन चुका नाहीत, एकच आहे. दोघंही आपल्याच घराचा विचार करत होते. तेव्हा कक्षात बसणाऱ्यानं आपल्या घराबद्दल तोंड उघडायचं नाही. आधी न्या असंही नाही, राहू द्या असंही नाही. त्याच्या घराचं शेजारच्या खुर्चीवरच्यानं बघायचं. म्हणजे माझं घर तुझ्या ताब्यात, आणि तुडीलचं तुमचं घर माझ्या नवऱ्याच्या. हे घरी येऊन इतक्या कौतुकानं सांगत होते, आणि मी पोळ्या लाटत होते. मी विचारलं, 'म्हणजे आता माझं काय करायचं ते नीला ठरवणार?' तर म्हणाले, 'फक्त पुरात.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या कडक झाल्या होत्या, त्यांना कळलंसुद्धा नाही.

गेल्या जुलैचं तुला मी काय सांगू? पण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे तू कधी ऐकलेलं नाहीस. पाणी येणं आम्हा पेठेतल्यांना नवं नाही. निरोप आला की खालचं सामान वर, पिठाचे डबे माळ्यावर, आणि मग वरच्या मजल्यावर बसून समोरच्या शेजारणीशी गप्पा. त्या सकाळीही मी पोहे परतून घेतले होते. सासूबाई खाटेवर, आमची शकू त्यांना रामरक्षा म्हणून दाखवत होती. मग मागची मातीची भिंत बसली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही, पोतं टाकल्यासारखा झाला. जिना तिच्याबरोबर गेला आणि आम्ही बसलो होतो ती जमीन एका अंगाला उतरली. सासूबाईंची खाट सरकायला लागली. शकूनं आणि मी ती धरून ठेवली. मी ओरडले तशी समोरची ओरडली, तिच्यापुढची ओरडली, आणि छपरांवरून हाका देत देत निरोप तहसील कचेरीपर्यंत गेला. घरात तीन जीव आहेत आणि भिंत गेली, एवढाच निरोप.

होडी आली तेव्हा मला वाटलं, यांनी धाडली. खाट दोरानं खाली सोडली, सासूबाईंना गादीसकट होडीत घेतलं, शकूला मांडीवर घट्ट धरलं, आणि नवऱ्याच्या अभिमानानं मला रडू फुटलं. मी होडीवाल्याला विचारलं, साहेब काय म्हणाले? तो वल्हं मारता मारता बोलला, 'साहेबांनी नाय बाई. नीलाबायनी धाडलं. साहेब तर तुडीलला जा बोलत होते.' शकूनं विचारलं, 'आई, बाबा आपल्याला का नाही म्हणाले?' मी तिच्या डोक्यावर पदर ओढला.

सगळं मला कचेरीतल्या श्रीपत शिपायानं नंतर सांगितलं. इंजिनाची होडी एकच उरली होती. दासगावहून फोन आला की तुडीलच्या बौद्धवाडीत पाणी शिरलं, आणि त्याच सुमारास छपरांवरून माझा निरोप पोचला. भरती चढत होती, दोन्हीकडे होडी जाऊन येणं शक्य नव्हतं. हे म्हणाले, तुडील. तू म्हणालीस, पेठ. हे पुन्हा म्हणाले, तुडील, तिथली घरं बुटकी आहेत. तू पुन्हा म्हणालीस, पेठ, भिंत गेली आहे, म्हातारी हलू शकत नाही. नियमानं यांना 'माझं घर राहू दे' म्हणता येईना आणि तुला 'माझं राहू दे' म्हणता येईना, कारण तेही आपल्याच घराबद्दल बोलणं. दोघं एकमेकांच्या माणसांसाठी हमरीतुमरीवर आलात. पुरवठ्याचे हरीभाऊ बिचारे एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. श्रीपत म्हणाला, 'बाई, असलं भांडण मी जन्मात बघितलं नाय.' मग तू उठलीस आणि नियम मोडलास. म्हणालीस, तुडीलला माझे बाबा आहेत, ते वाडीला शाळेवर चढवतील, त्यांना मी ओळखते, होडी पेठेत जाऊ दे. आणि फळ्यावर 'पेठ' लिहून खडू खाली ठेवलास.

महिनाभर मी यांच्याशी धड बोलले नाही. मग एकदा जेवताना विचारलंच. तुमची बायको, आई, पोर पाण्यात, आणि तुम्ही तुडील म्हणत होता? ते म्हणाले, 'नियम होता.' मी म्हटलं, 'कोणाचा?' ते हात धुवायला उठले. नीला, यांनी तुझ्या बाबांची बाजू घेतली याचा मला राग नाही. तिथे एवढी माणसं होती, माझ्या घरी तीन. मी त्यांच्या जागी असते तर काय म्हटलं असतं, देव जाणे. मला जाळतं ते वेगळंच. नियम तुझा होता, तो तुला माझ्यासाठी मोडता आला. त्यांना तुझा नियम माझ्यासाठी मोडता आला नाही. इतका जपतात ते तुझा शब्द. माझा एक तरी शब्द या माणसानं असा जपला आहे का, हे मी आठवून आठवून बघते आणि मग मला झोप येत नाही.

त्याच भरतीत तिकडे तुडीलला काशीआत्या गेली. तुला तिनं वाढवलं, डोक्यावर तुझी ट्रंक घेऊन तिनं तुला वसतिगृहात पोचवलं, मी तेव्हा फाटकात उभी होते. मी तुला भेटायला आले नाही. हे मात्र तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला दिवसभर तुडीलला बसून होते, चिखलानं भरलेले कपडे घेऊन घरी आले आणि न जेवता झोपले. मलाही बरोबर न्यावं असं त्यांना सुचलं नाही. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण मला तुझ्या त्या दुःखाचासुद्धा हेवा वाटला. त्यात ते तुझ्याबरोबर होते आणि मी धुण्याच्या बादलीत त्यांची विजार चोळत होते. मग वाडीतली माणसं काय बोलतात ते कानावर आलं, 'साहेबाची बायको आधी, आपली माणसं मागं.' तू बदली मागून घेतलीस आणि मला न भेटता अलिबागला निघून गेलीस. मला वाटलं, संपलं एकदाचं. संपतं कसलं? यांनी तुझ्या खुर्चीवर जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवून दिला, कोणी चुकून बसू नये म्हणून.

गेल्या रविवारी मी तुडीलला गेले होते. कशाला, ते खरं सांगते. तू येणार नाहीस याची खात्री करून घ्यायला. तुझ्या वडिलांनी 'ती काय आता येत नाय' एवढं म्हटलं असतं की मी समाधानानं एस.टी.त बसले असते. रामजीकाका नव्या पडवीला शेण-माती करत होते. मला बघून हात धुतले, खुर्ची पुसून दिली, आतून पाणी आणलं. मी पाणी प्यायले, पण त्यांच्याकडे बघून प्यायचं धैर्य झालं नाही. मी काही विचारायच्या आतच ते बोलले, 'काशी बैलाचं दावं सोडायला परत गेली. मी हाका मारल्या, तिनं ऐकलं नाय. त्यात नीलाचं काय? मी वाडी वर नेणार ह्ये तिला ठावूक होतं. नेली का नाय मी?' मी म्हटलं, नेलीत काका. तर म्हणाले, 'मग ती तोंड लपवून तिकडं का बसली हाय? बापानं तिचा शब्द खरा केला, आन् ती बापाला तोंड दाखवत नाय.' आणि पुन्हा मातीत हात घालून पडवीच्या कामाला लागले.

निघताना विहिरीवरच्या बायकांनी मला ओळखलं. एकीनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, हीच ती साहेबाची बायको. मी थांबले. मला तिथे थांबायची काही गरज नव्हती, पण थांबले, आणि मी त्यांना सांगितलं की नीलाला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, भिंत पडली होती आणि वर एक म्हातारी नि एक पोर होती. सुंदराबाई म्हणून एक आहे ना, डाव्या डोळ्यात फूल पडलेली, ती म्हणाली, 'आमच्यात पण पोरं होती, बाई.' याचं उत्तर तुलाही येईल असं मला वाटत नाही. पण ती पुढे म्हणाली, 'नीलीला म्हणावं, तिच्याशी भांडायचं हाय तर ती इथं पायजे. अलिबागला कोण जाणार भांडायला?' आणि सगळ्या हसल्या, अगदी मोठ्यानं नाही, पण हसल्या. तिथेही तुझीच वाट बघतात ग. माझ्याशी भांडायला कोणी अशी वाट बघत बसेल असं मला वाटत नाही.

आता या वर्षीची बातमी सांगते, म्हणजे तुला माझी खोड कळेल. पूरकामासाठी शाळांतून शिक्षक मागवतात ना, त्यात मी माझं नाव घातलं. हेडमास्तरांना म्हटलं, मला कक्षातच द्या. माझ्या डोक्यात एकच होतं. ती खुर्ची तू नाही तर मी. फळ्यावर माझं अक्षर, आणि पोलादपूरचा फोन आला की भुवई मी वर करणार. आरशासमोर करूनसुद्धा बघितली, मेली एक वर जातच नाही, दोन्ही जातात. बैठकीला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. हे फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, एकाच घरची दोन माणसं शेजारी बसू शकत नाहीत, नाहीतर त्या घराचं बघणार कोण? सगळ्यांच्या देखत. तुझाच नियम. स्वतःच्या नवऱ्याच्या शेजारी बसायला मला तुझा नियम आड आला. आणि मग त्यांनी माझं नाव पोलादपूरच्या रकान्यात घातलं. तिथे कचेरीत राहायचं, पुलाखालचं पाणी बघायचं आणि प्रत्येक भरतीआधी महाडला फोन करायचा. हुकूम निघाला. आता मागे घ्यायचा तर लोक म्हणतील साहेबांनी बायकोला सूट दिली, म्हणून हे घेणार नाहीत. आणि मीच हौसेनं नाव दिलेलं, तेव्हा मी कोणत्या तोंडानं सांगू?

तुझ्या जागी हरीभाऊंना बसवायचं घाटतंय. माणूस देवासारखा आहे. पण काही ठरवायचं झालं की आधी यांच्या तोंडाकडे बघतो. मी त्या बैठकीत तासभर तेच बघत होते. हे म्हणाले पाणी चढेल, तर हरीभाऊ म्हणाले चढेल. हे म्हणाले कदाचित उतरेल, तर हरीभाऊ म्हणाले हो, तेही खरं. यांना ते आवडत नाही, दिसत होतं. माझ्या मनात आलं, भोगा आता. आणि घरी येऊन दार उघडलं तर शकू आजीचे पाय चेपत बसली होती. तेव्हापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे.

मिरगाच्या आदल्या दिवशी मी पोलादपूरला जाते. सासूबाई आता कुशीसुद्धा बदलत नाहीत, त्यांना हलवता येत नाही, आणि शकू त्यांना सोडून माझ्याबरोबर यायला तयार नाही. म्हणजे पेठेतल्या त्या घरात चार महिने माझी लेक आणि एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी. मागची भिंत आता चिऱ्याची बांधली आहे, पण पुढची मातीचीच आहे. मी वरून फोन करीन की पाणी निघालं, सांभाळा. मग कक्षात काय होईल ते मला इथे बसून दिसतं. हरीभाऊ यांच्या तोंडाकडे बघतील आणि हे फळ्याकडे. यांना त्या घराबद्दल बोलता येणार नाही, आणि ते बोलणार नाहीत. शकूसाठीसुद्धा नाही. मी या माणसाबरोबर संसार केला आहे, मला माहीत आहे. त्या वेळी तोंड उघडेल, नियम लागू असो की नसो, असं एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तिचा मी सगळ्यात जास्त हेवा करते. तेव्हा नीला, ये. खुर्चीवरचा तो फायलींचा गठ्ठा काढ आणि बस तिथे. हसा दोघं, मी पोलादपूरला जळत बसेन, आणि फोन तू उचललास की माझा आवाज तुसडाच येईल, तो मनावर घेऊ नकोस. हेवा माझ्यापाशी राहू दे, शकू तुझ्यापाशी. आणि एक कर. हे पत्र त्यांना दाखवू नकोस. त्यांनी दोन पत्रं लिहिली म्हणून तू आलीस, असंच त्यांना वाटू दे.

जळतेय, तरीही तुझीच,
विनू